न दुखणारी

टेक्निशियन मुलीने वर्षालीचा खांदा पुढे ओढून यंत्राला टेकवला, "आता श्वास रोखा" म्हणाली, आणि वरची पारदर्शक पट्टी घुरघुरत खाली उतरली. वर्षालीने डोळे मिटून घेतले. पट्टी दाबत गेली. दुखत होतं, पण दुखण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. त्या पट्टीखाली, डाव्या बाजूला वरच्या अंगाला, हरभऱ्याएवढी गाठ होती. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताला ती लागली, तेव्हापासून वर्षालीला दुसरं काही सुचत नव्हतं.

"झालं. आता सोनोग्राफीला आत जा," मुलगी म्हणाली. "तुमच्या सोबतच्या आजी कधीच्या विचारतायत."

सोबतच्या आजी म्हणजे मंजुळाबाई, तिच्या सासूबाई. वर्षालीला खरं तर एकटीनेच यायचं होतं. नवरा गणराज कंपनीच्या कामाला चेन्नईला गेला होता. सकाळी ती गाडीची किल्ली घेऊन निघाली, तर मंजुळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. "म्या येती," एवढंच म्हणाल्या. पिंपळे सौदागरला त्यांची शेतं होती त्या काळापासून त्यांचं बोलणं असंच, तोडून दिल्यासारखं. शेतांच्या जागी आता सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, तरी मंजुळाबाईंना नाही म्हणायची घरात कोणाची टाप नव्हती.

सोनोग्राफीच्या खोलीतही त्या न विचारता आत आल्या आणि वर्षालीच्या पायाशी स्टूल ओढून बसल्या. वर्षालीची ओढणी आणि पर्स त्यांनी मांडीवर धरली होती.

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधी मॅमोग्राफीचे फोटो पडद्यावर आणले आणि बराच वेळ पाहिले.

"तुमच्या स्तनांची घडण घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "ग्रंथी जास्त, चरबी कमी. अशा वेळी फोटोत सगळं पांढरं उमटतं, आणि गाठही पांढरीच उमटते. एकातून दुसरं वेगळं काढणं अवघड होतं."

हेच वर्षालीने पूर्वी ऐकलं होतं. धाकट्याचं अंगावरचं दूध सुटल्यावर तिची छाती ओसरून गेली होती, एका बाजूला जास्तच. आत पॅड लावायचे, ऑफिसात बसल्या जागी ते सरकलं का ते चाचपायचं, याला ती कंटाळली होती. शेवटी दोन वर्षांपूर्वी ती एका प्लास्टिक सर्जनकडे गेली. मांड्यांची चरबी काढून छातीत भरायची, असं ते ऑपरेशन. सर्जनने तिला बसवून नीट समजावलं होतं. तुमची घडण घट्ट आहे, म्हणून ऑपरेशन करता येत नाही असं नाही. पण आधी तपासणी करून फोटो ठेवू, कारण भरलेल्या चरबीच्या कधी कधी नंतर गाठी होतात. पुढे कुठेही तपासायला गेलात, तर पहिल्यांदा हे सांगायचं. वर्षालीने मान डोलावली होती. त्या आनंदात तिने कशालाही मान डोलावली असती.

घरी तिने कंपनीचं नाशिकला ट्रेनिंग आहे असं सांगितलं आणि जवळच काळेवाडीला मैत्रिणीकडे आठवडा काढला. फक्त गणराजला खरं काय ते माहीत होतं. "आईला कळलं तर आपलं काही खरं नाही," असं तो तेव्हा हसत म्हणाला होता.

"आधी काही ऑपरेशन?" डॉक्टरांनी विचारलं. गार जेलवरून त्यांचा हात फिरत होता. "छातीला मार, काही इंजेक्शनं, काही भरून घेतलेलं?"

वर्षालीने छताकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. जरा पुढे गेला, परत त्याच जागी आला. मग त्यांचं बोलणं बंद झालं. बटणांचा टकटक आवाज तेवढा येत राहिला. बोलत होत्या तोवर बरं होतं, असं वर्षालीला वाटलं.

"डॉक्टरीणबाई," मंजुळाबाई मधेच म्हणाल्या, "हिला दुखत न्हाई म्हनती ही. मंग न दुखनारी वंगाळ का दुखनारी?"

"न दुखणारीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, आजी."

"आन लय दिसांची आसली तर?"

"किती दिवसांची?"

मंजुळाबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला आणि त्या ओढणीची घडी घालायला लागल्या. म्हातारी मागचे दिवस मोजतेय, वर्षालीला वाटलं. नाशिकच्या ट्रेनिंगपर्यंत जाऊन पोचली असेल. त्या वेळी परत आल्यावर महिनाभर ती जिने कशी चढत होती, तेही आठवत असेल.

"कडा नीट दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बारीक पांढरे ठिपके आहेत. मी अंदाजावर सोडणार नाही. आज सुईने तुकडा काढून तपासायला पाठवू. तोवर जरा बाहेर बसा, मी तयारी करते."

वर्षाली बाहेर न बसता सरळ बाथरूममध्ये गेली आणि तिने गणराजला फोन लावला. त्याच्यामागे मशीनचा आवाज येत होता.

"डॉक्टरांना सांगून टाक ना," तो म्हणाला.

"आई आत बसल्यात."

त्याच्यामागचा मशीनचा आवाज दूर गेला. मग म्हणाला, "काहीतरी कारण काढून बाहेर पाठव."

"सगळं पांढरं दिसतंय म्हणे," वर्षाली म्हणाली. शाळेच्या रिक्षातून उतरणारी दोन्ही पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली. उतरून दप्तरं पायरीवर टाकायची आणि आधी स्वयंपाकघरात बघायची, आई आहे का.

परत आल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही खाली जाऊन चहा तरी घ्या."

"मला नगं च्या," मंजुळाबाई म्हणाल्या आणि तिच्या आधी आत जाऊन स्टुलावर बसल्या.

डॉक्टरांनी औषधाने जागा पुसली. ट्रेमधली सुई वर्षालीच्या कल्पनेपेक्षा बरीच लांब होती. डॉक्टर हातमोजे चढवत होत्या. आता आपण गप्प राहिलो तर त्या चुकीचं वाचतील, वर्षालीला वाटलं; आणि बोललो तर पायाशी बसलेली बाई पुन्हा आपल्याकडे कधी सरळ बघणार नाही.

"मॅडम," ती म्हणाली. "मी आधी खोटं बोलले. दोन वर्षांपूर्वी छातीत चरबी भरून घेतलीय. माझ्याच मांड्यांची. मोठी दिसावी म्हणून."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. त्यांनी एकदा मंजुळाबाईंकडे पाहिलं, आणि आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न काही त्यांनी विचारला नाही.

"कुठे केलं?" एवढंच म्हणाल्या.

त्या क्लिनिकमध्ये फोन झाला. तिथले ऑपरेशनच्या आधीचे फोटो कॉम्प्युटरवर आले. डॉक्टरांनी जुने आणि नवे शेजारी शेजारी लावून पाहिले, पुन्हा सोनोग्राफी केली. मग दुसरी, बारीक सुई घेतली. सुईतून दाट पिवळं काहीतरी ओढलं गेलं, पातळ केलेल्या तुपासारखं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "भरलेली सगळी चरबी जगत नाही. जी मरते, तिच्यात असं तेल साठतं आणि गाठ लागते. ते पांढरे ठिपके तिच्या कडेचे आहेत. हे मी तपासायला पाठवते, पण मला इथे वाईट काही दिसत नाही. मात्र दरवर्षी यायचं. घट्ट घडणीच्या बाईलाही हे ऑपरेशन करता येतं. पण मग ते लपवून चालत नाही."

वर्षालीने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं, पण ते पुसायला हात उचलत नव्हता.

"म्हंजी तुज्याच मांडीचं," मंजुळाबाईंनी सावकाश विचारलं, "तुज्याच छातीत घातलं?"

"हो."

"लय दुखलं आसल."

डॉक्टर पडद्याकडे वळल्या होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत ती गेली, तशा मंजुळाबाईही मागोमाग आत आल्या आणि त्यांनी कडी लावली. आता बोलतील, वर्षालीला वाटलं. इथे, कोणी ऐकायला नसताना. तिने घाईघाईने कुर्ता डोक्यातून घातला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आई, मी तुम्हाला सांगणार होते..."

"डॉक्टरीणबाई गेली का हाय आजून?"

"आहेत."

मंजुळाबाईंनी ओढणी आणि पर्स खिळ्याला अडकवली. पदर खाली घेतला आणि चोळीची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना, बोटं घसरत होती. वर्षाली बघत राहिली.

"आणा, मी सोडते," ती म्हणाली.

गाठ सुटली. मंजुळाबाईंनी तिचा हात धरून आपल्या काखेजवळ नेला आणि दाबून धरला. वर्षालीच्या बोटांना काहीतरी दगडासारखं लागलं. ते हलत नव्हतं. वरची कातडी आत ओढली गेली होती.

"कधीपासून, आई?"

"मागल्या वर्साच्या भंडाऱ्याच्या टायमाला पयल्यांदा लागली हाताला." त्या भिंतीकडे बघत होत्या. "दुखत न्हाई, म्हनून ऱ्हाऊ दिली. या वयात कुनाफुडं उघडं व्हायचं?"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मंजुळाबाईंनी तिचा हात सोडला नाही.

"तूच सांग बाईला," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडानं न्हाई यायचं."

वर्षालीने दुसऱ्या हाताने कडी काढली आणि दार बोटभर उघडलं. डॉक्टर हातमोजे काढून पुढच्या पेशंटला बोलवायला निघाल्या होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "जरा थांबा."