बटनरावच्या घरचं कढत पाणी

आमच्या शेजाऱ्याला सगळी गल्ली बटनराव म्हणायची. खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो, पण याच्या घरात काजवा शिरला की हा उठून दिवा मालवायचा. फ्रीजमधून काय घ्यायचं ते बायकोने आधी डोळे मिटून म्हणून दाखवायचं, मगच दार उघडायचं. त्याच्या भिंतीवरची पालसुद्धा दिव्याखाली किडे मिळेनात म्हणून आमच्याकडे राहायला आली.

त्या कडाक्याच्या थंडीत सुट्टीला त्याने सगळा गोतावळा घरी बोलावला, तो थोरल्या बहिणीपायी. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते ताईने. आता ती एकटी राहायची. तिने कायमचं आपल्याकडे यावं म्हणून हा कधीपासून तिच्या मागे लागला होता. "चार दिवस राहून बघते, मग सांगते," म्हणत ती आली.

"ताई आहेत तोवर तरी हात आवरा हं," बायकोने बजावलं.

"अगं, ताईसाठी गिझर लावणार आहे मी, गिझर!" नदीवर धरण बांधत असल्याच्या थाटात तो म्हणाला.

आणि सकाळी खरंच लावला. मग एका हीटरवर भागावं म्हणून सगळे पाहुणे एकाच खोलीत कोंबले. फुकटच्या चहासाठी मीही त्यांत होतो.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "इतके चिकटून बसलोय की आमच्यामुळे हीटरलाच ऊब लागतेय!"

खोली हसली. बटनराव खुशीत फेरीला निघाला. मोकळ्या खोलीतला दिवा घालवला, कुणाचा तरी चार्जर उपटला, बाथरूमबाहेर बटनावर लाल ठिपका दिसला, तोही टिपला. त्याचा हात नेहमी पुढे चालायचा आणि डोकं मागून यायचं. त्या दिवशी डोकं आलंच नाही.

थोड्या वेळाने ताई न्हाऊन आली. केसांतून पाणी गळतंय, ओठ काळेनिळे, अंगाभोवती शाल घट्ट.

"काय ताई, होतं ना गरम?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"कढत होतं रे. भाजलेच असते."

"ऐकलंत? आणि म्हणे मी चिकट!"

बायकोने ताईच्या हातात चहा दिला. तिने कप तोंडाला लावला आणि तो दातांवर कडकडा वाजायला लागला. मेहुण्याने गुपचूप हीटर तिच्याकडे सरकवला. बटनराव हसता हसता थांबला आणि उठून बाथरूमपाशी गेला. गिझरचं बटन बंद होतं.

परतला तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, "बहिणीसाठी केलं हो त्याने!" तो दारातच उभा राहून ते ऐकत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ताई, बटन मी बंद केलं," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे. बटनाचा टक् आवाज आत आला."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुझे पाहुणे बसले होते ना."

आता कुणी कुणाकडे बघेना.

"परत लावतो. लगेच तापेल."

"दोनदा डुंबायला मी काय म्हैस आहे?" ताई म्हणाली. लोकांना हसायला निमित्तच हवं होतं. हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "उद्या मला गाडीत बसवून दे. रागाने नाही म्हणत रे. इथं राहिले तर तुझ्यासाठी रोज खोटं बोलावं लागेल. या वयात जमायचं नाही ते."

"नको जाऊ" हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले आम्हाला दिसले. ते त्याने गिळले. मग तो टॉवेल घेऊन तिच्या मागे जाऊन बसला आणि तिचे केस पुसू लागला. समोर बसला असता तर तिला तोंड दाखवावं लागलं असतं.