बरोबरीच्या खुर्चीत एक दिवस

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींचे फोन घेणाऱ्या वहिनींना आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं: जुनं की नवं? सरकारी नोकरांना खासगीच्या बरोबरीला आणायचं, असं वरून ठरलं होतं. नवं घेतलं तर पगार दीडपट आणि वर बोनस. पण पेन्शन बंद, रजा निम्म्या, आणि घरी जायचं ते काम संपेल तेव्हा. एकदा निवडलं की माघार नाही.

वहिनींचं मन नव्याकडे केव्हाच धावलं होतं. पैसा कुणाला नको असतो? पण खरं कारण होत्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या नणंदबाई. वन्संही फोनच घेत, पण बड्या खासगी कंपनीत. वहिनी दिसल्या की त्यांची जीभ शिवशिवायचीच.

"काय वहिनी, झोप झाली का ऑफिसात?"

घरात चहाला जरा उशीर झाला तरी ठरलेलं, "सरकारी काम, सहा महिने थांब!" सगळे खो खो हसत. वहिनीही हसत, पण आतून चरफडत. एकदा पगार बरोबरीला येऊ दे, मग बघतेच, असं त्यांनी मनाशी घोकलं होतं.

निवडीआधी एक दिवस खासगीत बसून बघायची सोय होती. वहिनींनी हट्टाने वन्संचीच कंपनी मागून घेतली.

काय तो थाट! काचेची दारं, गारेगार हवा, गुबगुबीत खुर्ची. वहिनी हरखल्या. मात्र इथे एक फोन ठेवला की दुसरा तयारच, श्वास घ्यायची सोय नाही. अशातच दुपारचा एक वाजला, आणि वहिनींनी घोळ घातला.

पाणीपुरवठ्यात एक वाजता नकाशाच्या मोठ्या टेबलावर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे डबे उघडतात, फोनपाशी पाळीने एकजण बसतो. ही सवय वहिनींच्या हाडामांसात मुरलेली. त्यांनी मधलं रिकामं टेबल पुसलं, वर्तमानपत्र पसरलं, डबा उघडला आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "चला, या जेवायला!"

अख्खा हॉल वळून बघू लागला. वन्सं लालबुंद झाल्या.

"वहिनी, खाली बस! इथे असं नसतं."

"मग कसं असतं?"

वन्संनी खण ओढला. आत उघडा डबा होता. एका हाताने टाइप करत दुसऱ्या हाताने घास घ्यायचा, की झालं जेवण.

"आणि तुम्ही नेहमी सांगता ते कँटीन? पाच प्रकारच्या जेवणाचं?"

"आहे की. जायला वेळ कुणाला आहे?"

टोमणा मारायची एवढी आयती संधी, पण वहिनींना गलबलूनच आलं. त्यांनी वन्संच्या कानावरचं यंत्र काढून आपल्या कानाला लावलं. "फोन मी घेते. तुम्ही जेवा, दोन्ही हात मोकळे सोडून." वन्सं टेबलाशी बसल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. ओरडायला आलेला साहेबसुद्धा चार घास खाऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी "जुनं" सांगून टाकलं. दीडपट पगार हातचा गेला म्हणून दोन दिवस जीव हळहळला, खोटं कशाला बोला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवाली मात्र सरळ राजीनामा देऊन खासगीत निघून गेली.

ते कळल्यावर एका संध्याकाळी वन्सं खाली आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ती तुमच्या ऑफिसातली रिकामी जागा... मी अर्ज केला तर लवकर होईल का गं?"

घरातले सगळे वहिनींकडे बघू लागले. वहिनींनी शांतपणे त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"वन्सं, सरकारी काम. सहा महिने थांबा."

सगळ्यांत आधी वन्संच हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"थांबेन," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या त्या नकाशाच्या टेबलाशी माझी जागा धरून ठेव."