तिसरं पातेलं

लेकीने जेवणाच्या टेबलावर तीन पातेली ओळीने मांडली आणि त्यांच्यापुढे चहाची गाळणी ठेवली. सकाळचे सव्वानऊ झाले होते.

"ही पातेली म्हणजे सर्व्हर. हॉस्पिटलची साइट उघडणारा माणूस थेट यांच्याकडे जात नाही. आधी या गाळणीकडे येतो, आणि ती त्याला एकेका पातेल्याकडे धाडते. हिला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, आत एकच आहे."

शेंगा निवडता निवडता आईने गाळणी उचलून उजेडात धरली.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

याच हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली होती. बाहेर नंबर एक, आत चाळीस खोल्या. ती श्वासावरून माणूस ओळखायची, असं लोक म्हणत. एकदा पलीकडून कुणी नुसताच शिंकला, तर तिने त्याला प्रसूती वॉर्डाला जोडून दिलं, आणि त्याच क्षणी त्याला जुळं झाल्याचं कळलं. सांगणाऱ्यांनी जुळ्यातलं एक पदरचं घातलं असेल, बाकी सगळं खरं.

लेकीला मात्र आज हसू येत नव्हतं. दोन दिवस झाले, सकाळी दहाला साइटवर तपासणीचे नंबर खुले होत आणि दर तिसऱ्या माणसाला कोरं पान दिसे. आजही तसंच झालं तर ही मांडणी काढून टाकू, लोक पूर्वीसारखे खिडकीशी रांग लावतील, असं हॉस्पिटलच्या साहेबांनी काल सौम्य आवाजात सांगितलं होतं. साहेबांच्या सौम्य आवाजाचीच तिला जास्त धास्ती. मांडणी तिची होती. आठ महिने तिने ती लेकरासारखी पोसली होती. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिन्ही सर्व्हरपुढे हिरवे ठिपके. दुखतंय कुठे, ते कुणी सांगायला तयार नाही.

कोण जागेवर आहे ते गाळणीला कळतं कसं, असं आईने विचारलं. लेकीने सांगितलं की दर पाच सेकंदांनी ती प्रत्येकाला विचारते, आहेस का? तिघंही लगेच म्हणतात, आहे.

आईने एक शेंग मोडली.

"असं विचारलं की सगळेच आहे म्हणतात. आमचे कानाचे डॉक्टर पहिल्या घंटीला फोन उचलायचे, 'आहे' म्हणायचे, रिसीव्हर टेबलावर ठेवायचे आणि पेपर वाचत बसायचे. पेशंट आपला अर्धा तास हॅलो हॅलो करतोय. कानाचे डॉक्टर, बरं का."

"मग तू काय करायचीस?"

"आहात का, हे विचारणंच सोडलं. विचारायचे, आत कितवा नंबर चालू आहे? ज्याला सांगता येईल, त्यालाच फोन."

लेकीचा चहाचा कप ओठांशीच थांबला. तो खाली ठेवून ती टाइप करू लागली. आता गाळणीने विचारायचं, उद्याची पहिली मोकळी वेळ कोणती? पहिल्या सर्व्हरने सांगितली. दुसऱ्याने सांगितली. तिसरा गप्प. सगळ्या नोंदी जिथे असतात, तिथली त्याची जोडणी केव्हाच तुटली होती. दोन्ही दिवस तो निव्वळ सभ्यपणाने हो म्हणत होता. त्याचा ठिपका लाल झाला आणि गाळणीने आपणहून त्याच्याकडे माणसं धाडणं बंद केलं.

आईने तिसरं पातेलं उचललं, त्यात शेंगा ओतल्या आणि गॅसवर चढवलं.

दहा वाजले. दोन सर्व्हरना घाम फुटला, पण त्यांनी ओझं पेललं. पडद्यावर दिलेल्या नंबरांचा आकडा पळत राहिला आणि कोरं पान कुणालाच दिसलं नाही.

पंचवीस मिनिटांनी लेकीचा मोबाइल वाजला. तिचे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून आईने उचलला. साहेब होते. आईची पाठ आपोआप ताठ झाली आणि घडी घालून ठेवलेला जुना आवाज एकही चुणी न पडता बाहेर आला.

"नमस्कार. थांबा, जोडून देते."

तिने फोनवर तळवा ठेवला. लेकीने हात पुढे केला, पण आईने फोन दिला नाही.

"आत कितवा नंबर चालू आहे?"

लेकीने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिचीही पाठ ताठ झाली.

"चार हजार सहाशे बारा."

आईने तळवा काढला.

"बोला साहेब," ती म्हणाली, आणि टेबलावर उरलेल्या दोन पातेल्यांच्या मधून, कुठेही धक्का न लावता, तिने फोन पलीकडे सरकवला.