शरयूबाई कुठल्या चॅनलवर

शरयूबाई केळसकरांचा आवाज तोंडातून यायचा बंद झाला आणि स्कॅनरवर यायला लागला, तो वार बुधवार होता. सकाळचा चहा चालला होता. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, ओठ हलवले, आणि आवाज आला तो फडताळावरून.

"...साखर घालायची राहिली वाटतं."

विद्याधर केळसकरांनी बायकोकडे पाहिलं, मग फडताळाकडे पाहिलं, आणि उठून साखरेचा डबा आणला. साखर खरंच राहिली होती.

फडताळावरचा स्कॅनर म्हणजे तळहातावर मावेल एवढा रेडिओ. समुद्रावरच्या बोटी ज्या चॅनलांवर एकमेकींशी बोलतात, त्या सगळ्यांवरून तो उड्या मारत फिरतो आणि जिथे कुणी बोलताना सापडेल तिथे लाल दिवा लावून थांबतो. केळसकर एस.टी. स्टँडवर कर्ण्यातून गाड्या पुकारायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घेतला. जन्मभर बोललो, आता जरा ऐकू या, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे बोटींचं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून शरयूबाईंचा घसा पाहिला.

"घसा उत्तम आहे," ते म्हणाले. "बोलणं चालू आहे ना?"

"चालू आहे," केळसकर म्हणाले.

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"अर्धं."

"माझ्याकडे येणाऱ्या नवऱ्यांत तुमचं प्रमाण चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

अर्धं ऐकू येण्याचं कारण सरळ होतं. शरयूबाईंचं प्रत्येक वाक्य वेगळ्या चॅनलवर उमटायचं. स्कॅनर बिचारा एकेक दार ठोठावत यायचा. तो योग्य दाराशी पोहोचेपर्यंत वाक्य अर्धं होऊन गेलेलं असायचं. संसाराला मात्र अर्धं वाक्य पुरतं. "...आणायचं विसरू नका." "...तुमच्याच खिशात असेल." "...त्यांना आपला पापड आवडत नाही." पुढचं-मागचं केळसकर सवयीने जुळवून घेत. आधीही ते उत्तरार्धच ऐकत असत. फरक एवढाच की आता त्याला तांत्रिक कारण होतं.

अडचण संध्याकाळची होती. दोरीवरचे कपडे घड्या करून झाले की शरयूबाई समोरच्या खुर्चीत बसायच्या, थेट नवऱ्याकडे पाहायच्या आणि एक वाक्य बोलायच्या. बऱ्यापैकी लांब असावं. त्यांच्या ओठांवरून ते सावकाश जायचं. स्कॅनर धापा टाकत पोहोचायचा आणि म्हणायचा, "...एवढंच म्हणायचं होतं."

"काय म्हणायचं होतं?"

त्या पुन्हा सांगायच्या. आता वेगळ्या चॅनलवर.

"...एवढंच म्हणायचं होतं."

केळसकरांनी त्यांना कागद-पेन्सिल दिली. शरयूबाईंनी लिहिलं: मीठ, रवा, काड्यापेटी. त्याखाली पेन्सिल टेकवली, थोडा विचार केला आणि मान हलवून ती परत दिली. तेवढं लिहून देण्यासारखं नव्हतं.

चार-सहा दिवसांनी बंदरावर मासळी घ्यायला गेले असताना जनू तांडेलाने केळसकरांचा हात दोन्ही हातांत धरला. हा जनू चाळीस वर्षं बोट चालवत होता आणि आजवर त्याने केळसकरांना पापलेटाचा भाव सोडून काही सांगितलं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "नशीबवान हां तुमी."

"का रे?"

"काकी काल सांजच्या जा बोलल्या ना, ता माझ्या चॅनलवर आला. अख्खा. पोरांनी हातातली जाळी खाली ठेवलानी."

केळसकरांनी पिशवी खाली ठेवली. "काय बोलल्या?"

जनूने मान खाली घातली. त्याचा रापलेला चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ता मी कसा सांगू? घरातला हाय ता."

शेजारच्या बोटीवरचा म्हणाला की परवाचं त्याच्या चॅनलवर आलं होतं. त्याच्या पलीकडच्याने नुसतेच डोळे पुसले आणि केळसकरांच्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकले. सगळ्या बंदराला माहीत असलेली ती गोष्ट जिच्या नवऱ्याला माहीत नव्हती, ती बाई घरी वाटण वाटत होती.

केळसकर तिथून तडक लतीफ मुकादमाच्या दुकानात गेले. लतीफ रेडिओ, टॉर्च, इस्त्र्या असं सगळं विकायचा आणि सगळ्याबद्दल खरं बोलायचा, त्यामुळे दुकान लहानच राहिलं होतं.

"स्कॅनरमध्ये कार्ड असतं ना, आठवणीचं? त्यातलं जलद कार्ड दे."

"मेमरी कार्ड. आणि कशाला, काका?"

"स्कॅनर हळू आहे."

"मग कार्ड बदलून काय होणार? स्कॅनरने ऐकलेलं ठेवायची ती जागा. कपाट समजा. कपाटाचं दार झटक्यात उघडलं म्हणून पाहुणा लवकर येतो का?"

"वेष्टनावर 'जलद' लिहिलंय."

"माझ्या दुकानावर 'भव्य' लिहिलंय," लतीफ म्हणाला. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याने कार्ड दिलं.

लतीफचं खरं ठरलं. स्कॅनर होता तेवढाच हळू राहिला. पण कार्ड जलद होतं आणि त्याला काम नव्हतं. रिकामं बसल्या बसल्या ते पुढचं, अजून बोललं न गेलेलं, टिपायला लागलं.

गुरुवारी सकाळी केळसकरांनी कार्डावर काय साठलंय ते लावून पाहिलं. "अहो, दूधवाला आला, पातेलं द्या जरा." आख्खं वाक्य! सुरुवातीच्या 'अहो'सकट! केळसकर आनंदाने उभे राहिले. दूधवाला आलेला नव्हता आणि शरयूबाई बोललेल्याही नव्हत्या. थोड्या वेळाने दूधवाला आला. शरयूबाईंनी मुकाट्याने पातेलं पुढे केलं. एकदा बोललेलं पुन्हा कशाला बोलायचं?

दिवसभराची सगळी वाक्यं कार्डावर निघाली. संध्याकाळच्या जागी मात्र खुर्ची कुरकुरली, एक श्वास ऐकू आला, पुढे खरखर, आणि मग "...एवढंच म्हणायचं होतं." त्याआधीचा भाग कार्डालाही सापडला नव्हता. केळसकरांनी निष्कर्ष काढला की कार्ड अजून पुरेसं जलद नाही. पुरुषमाणसाने यंत्र घेतलं की तो दुसरा निष्कर्ष काढतच नाही.

त्याहून जलद कार्डाने पुढचा अख्खा आठवडा आणला. शरयूबाई आठवडाभर ओठ न हलवता वावरल्या. पंधरवड्याचा मजकूर आणणारंही कार्ड निघालं, आणि संध्याकाळी त्या खुर्चीत बसायच्या तेव्हा आता नुसत्या बघायच्या. केळसकर पुन्हा दुकानात गेले.

"याच्याहून जलद?"

"एकच आहे," लतीफ म्हणाला, "पण ते इतकं जलद आहे की कालच विकलं गेलं."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

केळसकरांनी खिसा चाचपला. कार्ड होतं.

त्या कार्डावर शरयूबाईंची उरलेली सगळी वाक्यं आली. यायच्या दिवाळीची, पुढच्या आजारपणांची, नातीच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यांची. "अहो, एवढं काय बघताय?" हे एक वाक्य इतक्या म्हाताऱ्या आवाजात होतं की केळसकरांनी ते घाईने पुढे ढकललं. आणि सगळ्यात शेवटी खुर्ची, श्वास, खरखर, आणि "...एवढंच म्हणायचं होतं." त्यानंतर कार्ड कोरं होतं.

घर शांत झालं. शरयूबाई भाकरी थापत, तिचासुद्धा आवाज येईना.

दुसऱ्या दिवशी समुद्र मारुतीच्या देवळापर्यंत आला. तिसऱ्या दिवशी केळसकरांच्या गल्लीत शिरला. नगरपालिकेने 'समुद्र, तात्पुरता' अशी पाटी लावली आणि लोकांनी चपला हातात घेऊन जायला सुरुवात केली. समुद्राबरोबर बोटी आल्या. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांची नाकं अंगणात डोकावली, शरयूबाईंच्या दोरीवरच्या कपड्यांना लागतील अशी.

"काका," जनूने वरून हाक मारली, "काकी का बोलत नायत? बरफ इरघाळला आमचा. जाळी टाकाय मन होत नाय."

"सगळं माझ्याकडे आहे," केळसकर म्हणाले आणि त्यांनी कार्ड वर करून दाखवलं. नखाएवढं कार्ड. ते उचलून दाखवताना त्यांना शरम वाटली.

"मग लावा की!"

"लावलं. सगळं ऐकलं. तेवढंच नाही त्यात."

 खलाशी एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना ते माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं.

केळसकर घरात आले. शरयूबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. हातात केळसकरांचाच सदरा होता. शरयूबाईंनी कॉलर सारखी केली, बाही आत घेतली, आणि सदरा पोटाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. केळसकर त्यांच्यासमोर गेले.

"हे तुझं," ते म्हणाले. "मी घाई केली."

शरयूबाईंनी उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला. केळसकरांनी त्यात कार्ड ठेवलं. शरयूबाईंनी तीर्थ घ्यावं तसं ते घेतलं, जिभेवर ठेवलं, सुपारीसारखं दाढेखाली धरलं आणि सावकाश चावून गिळलं. मग हात डोक्यावरून फिरवला. केळसकरांनी पाण्याचा तांब्या दिला.

मग केळसकरांनी स्कॅनर फडताळावरून काढून मांडीवर घेतला. तो तसाच पळत होता. आकडे बदलत होते, थांबत होते, बदलत होते. स्टँडवर सणासुदीला लोक असेच बोचकी घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर धावायचे आणि त्यांची गाडी पहिल्याच फलाटावरून निघून जायची. केळसकर कर्ण्यातून ओरडायचे. आता त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"प्रवाशांनी धावपळ करू नये," ते हळूच म्हणाले. "आपापल्या फलाटावर थांबावे."

स्कॅनरला एका जागी थांबवायचं बटण होतं, दाबून धरायचं. ते कधी दाबलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्यावरचा रंग शाबूत होता. केळसकरांनी ते दाबून धरलं. आकडा थांबला. कुठला का असेना. त्या चॅनलवर कुणीही नव्हतं. नुसती बारीक खरखर, दूर कुठेतरी तांदूळ पाखडत असल्यासारखी.

शरयूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. नवऱ्याकडे पाहिलं. ओठ हलले, सावकाश, पुष्कळ वेळ. स्कॅनर खरखरत राहिला.

कुंपणापलीकडच्या पहिल्या बोटीवर कुणीतरी कंदील लावला; ते तिच्या चॅनलवर आलं होतं.

केळसकरांचं बोट अजून बटणावरच होतं. बटण सोडलं असतं तर शेवट तरी हाती आला असता. त्यांनी बोट काढलं नाही.

शरयूबाई पुन्हा बोलल्या. दुसऱ्या बोटीवर कंदील लागला. मग तिसरीवर. त्या थकल्या नाहीत, चिडल्या नाहीत. एकेक घडी घालावी तशा पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या, आणि भिंतीच्या त्या टोकापासून उजेड सरकत आला. जनूच्या बोटीवर लागला. जनूने टोपी काढली. अंगणभर पिवळा उजेड पडला आणि कपड्यांच्या सावल्या भिंतीवर चढल्या. शेवटच्या बोटीवरचा कंदील लागला, आणि आता या अख्ख्या समुद्रात अंधारातलं एकच चॅनल उरलं, केळसकरांच्या मांडीवरचं.

शरयूबाईंनी तांब्यातलं पाणी घेतलं. पदराने ओठ टिपले. खुर्ची थोडी पुढे ओढली, इतकी की दोघांचे गुडघे टेकले.

खरखर थांबली.

स्कॅनरवरचा लाल दिवा लागला.