ऐनाचा शेंडा

“मामा, हात नका लावू हो!” निरंजन तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा भिवाजीने पामच्या पानावरचा हात मागे घेतला.

“हात लावल्याबिगर झाड कळतंय व्हय?” तो पुटपुटला. ते ऐकायला निरंजन जाग्यावर होताच कुठे? तो आणि त्याची बायको मेधा मोबाइल उंच धरून काचघराच्या पुढच्या वळणावर पोहोचलेही होते.

सकाळपासून हेच चाललं होतं. कोळवणहून गाडीत घालून निरंजनने भिवाजीला बंगळूरच्या या बागेत आणलं होतं, आणि तेही कौतुकाने नव्हे. फार्महाउसवर त्याला अशीच ‘ट्रॉपिकल’ बाग करायची होती आणि माळ्याने ती एकदा डोळ्यांनी बघावी असं त्याचं म्हणणं होतं. ती जमीन मुळात भिवाजीचीच. अकरा वर्षांपूर्वी त्याने ती निरंजनला विकली आणि दुसऱ्याच महिन्यापासून तिच्यावर माळी म्हणून राहिला. “आदी फुकाट खुरपायचो, आता पगार घिऊन खुरपतो,” असं तो गावात हसत सांगायचा. हसणं ओठांवरच राहायचं.

आता त्या जमिनीच्या बांधावरचे ऐनाच्या झाडांचे तीन खुंट जाणार होते. सोमवारी जेसीबी यायचा होता. “काढू नगा,” असं भिवाजी दोनदा म्हणाला होता. “का?” असं निरंजनने विचारल्यावर मात्र त्याची बोबडी वळली होती. काय सांगणार? सावली नाही, फळ नाही, दिसायला ओंगळ. दीड पुरुष उंचीचे, गाठाळलेले, डोक्यावर झिपऱ्या वाढल्यासारखे. भाताच्या रोपांआधी राब भाजायचा तर दर फाल्गुनात ऐनाच्या फांद्या तोडून वाफ्यावर पसरायच्या आणि पेटवायच्या, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. भात बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी फाल्गुन लागला की भिवाजी कोयता घेऊन बांधावर जायचाच. यंदाही गेला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

काचघरातून बाहेर पडल्यावर तो एका झाडाखाली घाम पुसत उभा राहिला आणि टेकायला म्हणून पाठीमागे हात नेला. हाताला साल लागली. चौकटी-चौकटीत तडकलेली, मगरीच्या पाठीसारखी. तो वळला. पडलेलं एक पान उचलून त्याने बुडाशी अंगठा फिरवला. दोन बारक्या गाठी लागल्या. मग कुठे त्याने मान वर केली, आणि ती वर करतच राहिला. सरळसोट खोड फांद्यांच्या पार पलीकडे निघून गेलं होतं.

“ऐन,” तो म्हणाला. मग मोठ्याने, “आरं, ऐन!”

जवळचा पहारेकरी धावत आला. “एन? एन?”

भिवाजीला भरून आलं. सकाळपासून पहिल्यांदा कुणाला तरी त्याचं बोलणं कळलं होतं. “व्हय! ऐन! ऐनच!”

“एन?” पहारेकरी वैतागला.

“तेच तर सांगतुया बाबा, ऐन!”

मेधा लगबगीने आली. “मामा, कानडीत एन म्हणजे ‘काय’. तो विचारतोय, काय झालं म्हणून.”

भिवाजीचा चेहरा पडला. “ऐन हाय म्याडम ह्यो. आपल्या बांधावरचा.”

“ऐन काय?” निरंजनही येऊन पोहोचला. “ऐन वेळी काय?”

“वेळी न्हाई, झाड! ऐन!” भिवाजी इतक्या जोरात ओरडला की पलीकडची मुलं थांबून बघू लागली. आजवर साहेबांसमोर त्याचा आवाज चढला नव्हता. “तुमी काढाया निगालाय तेच हाय हे! हात लावून बघा. आज तरी बघा!”

निरंजनने पाटी वाचली, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मग वर पाहिलं. “हे? मग आपले तसे बुटके का?”

आता उत्तर होतं, पण ते जिभेवर यायला जड गेलं. “म्या छाटलं म्हनून. साठ वर्सांत म्या त्याला वाडूच दिला न्हाई. राब करायचा न्हवता तरी छाटत ऱ्हायलो.” “आता न्हाई छाटायचो. तुमी नुसतं ऱ्हाऊ द्या.”

मेधा नवऱ्याकडे बघत राहिली. निरंजनने डोकं खाजवलं. “ठीक आहे. राहू देत तिन्ही. पाम दुसरीकडे लावू.” आणि लगेच त्याने फार्महाउसचं काम बघणाऱ्या एकनाथला फोन लावून स्पीकर सुरू केला.

“सायेब, मीच फोन करनार व्हतो!” एकनाथचा खूश आवाज आला. “मशीन आजच मोकळं घावलं. तिनी खुंटं काढली बगा, बांध पाक सपाट झाला. सरपन मामांच्या घरला टाकू का?”

“हॅलो, सायेब?” एकनाथ विचारत राहिला.

“टाक,” भिवाजीच फोनकडे वाकून म्हणाला. “माज्याच दारात टाक.”

निरंजनने फोन बंद केला. तो ओशाळला होता. “सॉरी, मामा. मला खरंच...” त्याने मोबाइल वर धरला. “तुमचा या झाडाबरोबर एक फोटो काढतो. उभे राहा.”

भिवाजीने टोपी नीट केली आणि खोडापाशी ताठ उभा राहिला. निरंजन मागे सरकला, आणखी मागे गेला, शेवटी गुडघ्यावर बसला.

“शेंडा येत नाहीये, मामा. तुम्हाला घेतलं की वरचं कापलं जातंय.”

“मग मला काडा त्यातनं,” भिवाजी म्हणाला आणि बाजूला झाला. “शेंडा घ्या.”