बॅटरीचे खचलेले डोंगर

कनेरगाव नाक्याजवळच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. विद्युतनाथ महाराजांनी शून्य दाखवणारी बॅटरी भगव्या कापडानं झाकलेल्या पाटावर ठेवली, वरून शाल पांघरली, तीन तास जप केला आणि मीटर लावला. काटा थेट भरलेल्या खुणेवर गेला.

"विज्ञान दमतं तिथून आमचा करंट सुरू होतो," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले.

बॅटरी नीलाबाईची होती. तिचे यजमान गोपीचंद ऑक्सिजनच्या यंत्रावर श्वास घेत. तांड्यावरची लाईट गेली की सगळी भिस्त बॅटरीवर. माईक पुढं आला तशी ती रडत बोलली, "महाराजांनी माह्या मालकाचा जीव राखला." तिचा फोटो मंडपाच्या फलकावर लागला.

चौथ्या दिवशी लाईट गेली. बॅटरी अकरा मिनिटांत बसली. गोपीचंदचे ओठ निळे पडले. शेजाऱ्याच्या जीपमधून हिंगोलीला दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

"तुमचीच श्रद्धा कमी पडली, वहिनी," दीर धर्मसिंग म्हणाला.

खरं बोलावं तर साऱ्या तांड्यापुढं आपण खोट्या. गप्प बसावं तर पुढची लाईट कधी जाईल याचा नेम न्हाई. तिचा कोंडमारा झाला. शेवटी दवाखान्यातल्या नर्सच्या सांगण्यावरून ती बॅटरी घेऊन कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या करुणा खिल्लारेंकडं गेली.

करुणाताईंनी बॅटरी दिवसभर हळूहळू चार्ज केली आणि आलेख दाखवला. "मावशी, काटा फक्त व्होल्टेज सांगतो. भांडं काठोकाठ भरलं एवढंच कळतं. भांडं केवढं उरलं ते न्हाई. हा आयसी कर्व्ह, म्हणजे क्षमतेचा आलेख. व्होल्टेजच्या दर पायरीला किती चार्ज आत गेला, ते यात दिसतं. डॉक्टर नाडी मोजून थांबत न्हाईत, हृदयाचा आलेख काढतात, तसंच हे. नव्या बॅटरीचे डोंगर असे उंच. तुमचे बघा."

डोंगर खचून टेकाडं झाली होती.

"मग मेलेली उठली कशी?"

"पार उतरली की आतलं सर्किट दार लावून घेतं. साध्या चार्जरनं उघडत न्हाई, बारीक करंट दिला की उघडतं. महाराजांच्या पाटाखाली तसल्याच चार्जरची वायर असणार."

गुरुवारी मंडपात नीलाबाईला पुन्हा माईक दिला. धर्मसिंग स्वतःची बॅटरी मांडीवर घेऊन रांगेत बसलेला. तिनं वाकून पाटावरचं कापड ओढलं. खाली चार्जरचा हिरवा दिवा जळत होता.

"बाई, पाप लागंल," महाराज पुटपुटले.

"लागलंय की. मी इथंच खोटं बोलले," ती म्हणाली. "मालकाचा श्वास अकरा मिनिटांत संपत होता. तुमच्या घरी असं माणूस असंल तर काट्यावर जाऊ नका, माझ्या रडण्यावरही जाऊ नका. मोजून घ्या."

टाळी कुणीच वाजवली नाही. धर्मसिंग उठला, बॅटरी काखेत मारली आणि म्हणाला, "वहिनी, त्या मॅडम कुठं बसतात?"