फाटक उघडंच असतं

मी एक पंचक्रोशी बोलतेय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची, डोंगरांच्या कुशीतली, विरळ वस्तीची. इथल्या कागदांत मला डिस्ट्रिक्ट म्हणतात. पण मराठीत जिल्हा म्हणावं तर कलेक्टर हवा, तालुका म्हणावं तर एसटी स्टँड हवं, आणि माझ्याकडे दोन्ही नाही. म्हणून पंचक्रोशी. पाच कोसांत दुसरं घर लागेलच अशी खात्री नाही, पण एवढं चालवून घ्या.

स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. आपलं काय कुणी ऐकायचं, असं वाटत राहतं. माझ्याविषयी लोक एकच वाक्य बोलतात, तेही चालत्या गाडीतून: "काय सुंदर आहे! पण इथे राहतं का कुणी?"

राहतात. त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. ते आईला विचारायला हवं, आणि माझी आई बर्फाची होती, कधीच वितळून गेली. जाताना तिने मला एक लांबलचक दरी, निळ्या पाण्याची नदी आणि भरपूर दगडगोटे दिले. मग माओरी कुटुंबं आली. हंगामात यायची, नदीत ईल मासे धरायची, खिंड ओलांडून पलीकडे जायची. माझ्या नद्यांना आणि शिखरांना त्यांनी नावं दिली, ती अजून चालू आहेत. त्यांच्यानंतर मेंढ्यांवाले आले. मेंढ्या आल्या तशी कुंपणं आली, आणि कुंपणं आली तशी फाटकं. गोष्ट फाटकाचीच आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

आज माझं गाव म्हणजे एकच रस्ता. त्यावर शाळा, पेट्रोल पंप, पब, एक दुकान आणि पत्र्याचा हॉल. डॉक्टर मंगळवारी येतात. बाकीचे दिवस आजारी न पडण्याची प्रथा आहे. माणसं थोडी असल्यामुळे एकेकाला तीन-तीन माणसांचं काम करावं लागतं. शाळेचा मुख्याध्यापक हेमी हाच आगीचा बंब चालवतो. पत्रं वाटणारी बाई येता-जाता म्हाताऱ्यांची औषधंही पोचवते. आणि रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात नाही, फक्त तर्जनी. "आहेस ना? मीही आहे," एवढाच त्याचा अर्थ. शहरातली माणसं ते बोट बघून गोंधळतात. आपलं काही चुकलं का, असं त्यांना वाटतं.

प्रणितालाही तसंच वाटलं होतं.

प्रणिता ऑकलंडहून, उत्तर बेटावरच्या मोठ्या शहरातून आली, गेल्या वर्षी जानेवारीत. नवरा मकरंद इंजिनिअर, त्याला इथल्या काउन्सिलमध्ये रस्ते आणि पुलांचं काम मिळालं. मुलगी गार्गी चार वर्षांची होत आलेली. प्रणिता स्वतः सॉफ्टवेअर तपासायचं काम घरूनच करते. म्हणजे काय काय बिघडू शकतं, याचा विचार करण्याचा तिला पगार मिळतो. पगार नसता तरी तिने तो केला असता.

गाडीतून उतरल्या उतरल्या तिने मकरंदला विचारलं, "हॉस्पिटल किती लांब आहे?"

"अडीच तास. पण तसंच काही झालं तर हेलिकॉप्टर येतं गं."

"हेलिकॉप्टर!" म्हणून ती सुटकेसवर बसलीच.

"एक वर्ष बघू," मकरंद म्हणाला. "नाही जमलं तर जानेवारीअखेर घर सोडू आणि ऑकलंडला परत. प्रॉमिस."

ते वचन मीही ऐकलं. माझ्याकडून माणसं जायलाच निघतात, त्याची मला सवय आहे. पण गार्गी माझ्या नदीशी इंग्रजीत बोलायची आणि नदीच्या वतीने मराठीत उत्तर द्यायची. मला ती हवी होती. तिची आईही हवी होती. तसं म्हणायचा धीर मात्र झाला नाही. आपल्यात असं काय आहे की कुणी राहावं!

प्रणिता वर्षभर एक पाय बाहेर ठेवूनच राहिली. खोकी पुरती उघडली नाहीत. निघताना ती गॅस दोनदा बघायची, कडी तीनदा. आणि मग स्वतःलाच म्हणायची, "चोर तरी कुठून येणार इथे? त्यालाही अडीच तास लागतील."

नोव्हेंबरात तिचे सासरे नीलकंठराव पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. त्यांना एका बोटाचा नमस्कार पटेना. येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते दोन्ही हात जोडायचे. आता दरीतले निम्मे शेतकरी त्यांना बघून स्टिअरिंग सोडून हात जोडतात. मला भीती वाटते, पण अजून कुणी नाल्यात गेलेलं नाही.

जानेवारी म्हणजे माझ्याकडे भर उन्हाळा. डोंगरावरून वायव्येचा वारा सुटतो. गरम, कोरडा. गवत पापडासारखं होतं. त्या दिवसांत एकदा प्रणिता, गार्गी आणि नीलकंठराव नदीवर निघाले. पायवाट शेजारच्या जोनच्या शेतातून जाते. जोन सत्तरीची, एकटीने मेंढ्या सांभाळणारी. तिने येण्याजाण्याची मोकळीक दिली होती, एवढंच सांगून की, "फाटकं जशी सापडतील तशी ठेव." वरच्या आणि खालच्या कुरणाच्या मधलं फाटक त्या दिवशी सताड उघडं होतं.

"अरे देवा, उघडंच राहिलं की," प्रणिता म्हणाली. "मेंढ्या खाली उतरतील आणि रस्त्यावर जातील."

"लाव बाई," नीलकंठराव म्हणाले. "उघडं फाटक बघवत नाही."

"पण जोन म्हणाली होती…"

"विसरली असेल. वय झालंय तिचं."

हे म्हणताना त्यांच्या खिशात त्यांचाच चष्मा होता, जो ते सकाळपासून शोधत होते.

प्रणिताने फाटक लावलं. साखळी दोनदा गुंडाळली, ओढून बघितली, चार पावलं जाऊन परत आली आणि पुन्हा ओढून बघितली. मी ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे वारा, आणि तो तर आधीपासूनच सुटलेला.

पाण्याचा हौद खालच्या कुरणात होता. मेंढ्या वर होत्या.

जोन त्याच दिवशी बहिणीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली, तेव्हा मेंढ्या फाटकाला छाती लावून उभ्या होत्या. दोन कोकरं आडवी झाली होती, ती उठली नाहीत.

रविवारी दुपारी हॉलमध्ये आगीच्या बंबासाठी पैसे जमवायला जेवण होतं. जो तो काहीतरी करून आणतो. प्रणिताने वडे नेले होते. ती ताट ठेवते न ठेवते तोच जोनचा आवाज आला. इथे सगळे इंग्रजीतच बोलतात, मी मराठीत सांगते.

"कुणीतरी माझं मधलं फाटक लावलं. दोन कोकरं गेली."

"टुरिस्ट," हेमी म्हणाला. "दुसरं कोण?"

"ऑकलंडचे असणार!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग हेमीने मकरंदच्या पाठीवर थाप मारली. "तू नाही रे. तू आता आमचा."

प्रणिताच्या हातातला चमचा थांबला. नीलकंठरावांनी तिच्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे.

"तोंडातून शब्द काढू नकोस," ते हळूच म्हणाले. "इथे मराठी कुणाला कळत नाही, पण चेहरा कळतो. वडा खा."

"बाबा, दोन कोकरं गेली."

"ती आता परत येणार आहेत का? आणि लावायला मीच सांगितलं होतं, म्हणजे निम्मं पाप माझं. महिनाअखेर तुम्ही चाललातच ना? मग कशाला?"

खरं होतं ते. जायचंच असेल तर गप्प बसणं सोपं होतं. चार दिवसांनी खोकी भरायची, गाडीत बसायचं, आणि फाटक कुणी लावलं हे माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. पण बोललं, तर मग या माणसांच्या नजरेसमोर राहावं लागणार होतं. राहायचंच नसेल तर बोलायचं तरी कशासाठी?

मी वारा धरून ठेवला. हॉलचा पत्रा खडखडायचा थांबला.

प्रणिता उठली. उठताना तिने वड्यांचं ताट उगाचच उचललं, ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"जोन, ते फाटक मी लावलं."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मला वाटलं चुकून उघडं राहिलंय. तू सांगितलं होतंस, तरी मला वाटलं… मला नेहमी वाटतं की काहीतरी होईल. मी घरचा गॅससुद्धा दोनदा बघते. सॉरी म्हणून कोकरं परत येत नाहीत, माहितेय मला."

जोनने कप खाली ठेवला. "मला वाटलंच होतं."

"काय?"

"साखळी दोनदा गुंडाळलेली होती. टुरिस्ट एवढी काळजी घेत नाहीत."

"मग तू बोलली का नाहीस?"

"ते तू सांगायचंस," जोन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "उद्या सकाळी ये. रबरी चपला घालून येऊ नकोस." मग तिने त्या ताटातला एक वडा उचलला, चावला, आणि पाणी मागितलं. तिखट होता.

माझ्या माणसांचं मला हेच आवडतं. ती रागावतात, पण राग साठवत नाहीत. साधुसंत आहेत म्हणून नव्हे. संख्याच कमी आहे. जिच्यावर आज चिडलात, तीच उद्या बर्फात रुतलेली तुमची गाडी ओढायला येणार असते. शहरात माणूस तोडला तर दुसरा मिळतो. माझ्याकडे दुसरा नसतो.

सकाळी प्रणिता गेली, मकरंदचे बूट घालून. दोघींनी कोकरं पुरली. मग मेंढ्यांना खालच्या हौदावर नेलं आणि परत वर सोडलं. निघताना प्रणिताचा हात आपोआप साखळीकडे गेला.

"हात खिशात घाल," जोन म्हणाली.

प्रणिताने घातला. मग दोघी पहिल्यांदा हसल्या.

"एक काम आहे," जोन चालता चालता म्हणाली. "हॉलमध्ये प्रथमोपचाराची पेटी आहे. ती कोण तपासतं ते कुणालाच माहीत नाही. तुझ्याइतकं घाबरणारं माणूस आम्ही वाया घालवणार नाही."

त्या संध्याकाळी प्रणिताने ती पेटी उघडली आणि तिच्या तोंडून "बाई गं!" असं निघालं. निम्मी औषधं मुदत संपलेली. एक मलम तर तिच्या लग्नाआधीचं. तिने हेमीला फोन करून असं झापलं, की तो "येस, मिस" म्हणाला.

जानेवारी संपत आला. मकरंदने विचारलं, "घराचं काय सांगू मालकाला?"

"सांगू नंतर," ती म्हणाली. "आज मला पेटीचं सामान आणायला जायचंय."

गाडीत शेजारी नीलकंठराव, मागे गार्गी. वळणावर जोनचं शेत लागलं. तिथे एक पांढरी कॅम्परव्हॅन थांबलेली, आणि एक भला तरुण, अर्ध्या चड्डीतला, पायवाटेने चढून मधलं फाटक ओढत होता. चेहऱ्यावर पुण्य केल्याचा भाव.

प्रणिताने करकचून ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"राहू दे ते!" ती इंग्रजीत ओरडली. "आमच्याकडे ते उघडंच असतं!"

तरुण दचकला, हात वर करून मागे झाला.

नीलकंठरावांनी भुवई उंचावली. "आमच्याकडे?"

प्रणिताने गिअर टाकला. पुढच्या वळणावर हेमीची पिकअप समोरून आली, आणि स्टिअरिंगवरून तिची तर्जनी उठली. तिला ते कळलंही नाही. मला कळलं.

आता मार्च आहे. माझ्या काठचे पॉपलर पिवळे पडू लागलेत. गार्गी पाच वर्षांची झाली, आणि इथल्या रीतीप्रमाणे वाढदिवस झाला तशी शाळेत जाऊ लागली. खोकी रिकामी होऊन गॅरेजमध्ये चपटी पडली आहेत. हॉस्पिटल अजूनही अडीच तासांवरच आहे, प्रणिता अजूनही गॅस दोनदा बघते. तेवढं मला बदलता येत नाही, आणि बदलावं असंही वाटत नाही.

तुम्हीही कधी या वाटेला आलात तर थांबा जरा. समोरून बोट उठलं तर घाबरू नका, तुमचंही उचला. वाटेत फाटक लागलं तर उघडं असो की बंद, जसं सापडेल तसंच ठेवा. कुणीतरी विचार करून ते तसं ठेवलेलं असतं.

तुम्ही मला जसे सापडाल, तसेच मी तुम्हाला परत पाठवीन, याची मात्र हमी देता येत नाही.